बाईंचे वय रंगवू नका, उजेडात दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उतरत्या काळातली चित्रतारका आणि तिच्याहून पुष्कळ लहान नट यांच्या प्रेमाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्या थट्टेच्या सुरात लिहिले गेले, तो सूर आम्हाला फार लागला. हाच विषय घेऊन आपल्या इंदूरच्या हौशी मंडळांत एकांकिका वाचल्या जातात, बसवल्या जातात, आणि तालमीतही तोच सूर उतरतो. मग पडदा उघडल्यावर दुसऱ्याच मिनिटाला प्रेक्षागृहात खसखस पिकते आणि दिग्दर्शक म्हणतो, आपल्या लोकांना हा विषय पचत नाही. लोकांना विषय पचतो. पचत नाहीत त्या चेहऱ्यावर ओढलेल्या तपकिरी रेघा, केसांत फासलेली पावडर आणि पहिल्या वाक्यापासून वापरलेला ‘तू’. या गोष्टी दुरुस्त करता येतात. कशा, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी खऱ्या घटनेबद्दल, कारण या विषयावरच्या अनेक संहितांमागे कुठेतरी तीच असते. ग्लोरिया ग्रॅहम ही हॉलिवूडची नटी, जन्म १९२३, लॉस एंजलिस. १९५२ सालच्या एका चित्रपटातल्या जेमतेम साडेनऊ मिनिटांच्या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात भाड्याच्या खोलीत राहत होती आणि त्याच घरात लिव्हरपूलचा पीटर टर्नर हा तरुण नट राहत होता. दोघांत तीसेक वर्षांचे अंतर. प्रेम जमले, काही काळाने तुटले. १९८१ च्या सप्टेंबरात लँकेस्टरच्या नाट्यगृहात तालमी चालू असताना ती आजारी पडली, तेव्हा टर्नरच्या लिव्हरपूलच्या घरी तिची शुश्रूषा झाली. कर्करोग पोटात पसरला होता. ५ ऑक्टोबरला तिची मुले तिला न्यूयॉर्कला घेऊन गेली आणि तिथे पोहोचल्यावर काही तासांतच, ५७ व्या वर्षी, ती गेली. टर्नर यांनी १९८६ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि २०१७ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला.

पैसेवाल्या बाईला तरुण पोरगा भुलला, असे म्हणणाऱ्यांनी ती भाड्याची खोली आठवावी. आणि शेवटच्या दिवसांत ती कुणाच्या घरी होती, तेही पाहावे. त्याच्या आईच्या.

पुरुष मोठा असला की आपण अंतर मोजत बसत नाही. दिलीपकुमार यांचा जन्म १९२२ चा, सायरा बानू यांचा १९४४ चा, लग्न १९६६ मध्ये. त्यावर कोणी एकांकिकेत हशा वसूल करत नाही. नर्गिस आणि सुनील दत्त यांच्यात तर पाचच दिवसांचे अंतर, तरी ‘मदर इंडिया’त १९५७ मध्ये त्या त्यांच्या आई झाल्या आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोघांचे लग्न झाले. रंगभूषा माणसावर किती वय चढवू शकते, याचा याहून मोठा दाखला कुठला?

आता मुद्द्याचे. पहिली चूक पात्रनिवडीत होते. बत्तीस वर्षांच्या मुलीला पंचावन्नची करायला घेतात, कारण मंडळात तीच बरे काम करते. या भूमिकेसाठी अठ्ठेचाळीस ते अठ्ठावन्न वयाची बाईच हवी. इंदुरात अशा वयाच्या, उत्तम वाचिक असलेल्या बाया घरोघर आहेत. त्यांना आईच्या आणि सासूच्या भूमिकांपलीकडे कोणी विचारत नाही, एवढेच. योग्य वयाची बाई मिळाली की रंगभूषेचे निम्मे काम संपते, आणि उरलेले निम्मे बहुतेकांना वाटते त्याच्या उलटे असते. या बाईला म्हातारी करायचे नाही. वय लपवणारी करायचे.

चित्रतारका आपल्या भराच्या वर्षात थांबते. भुवयांचा आकार, ओठांची कड, डोळ्याच्या कोपऱ्यातली काजळाची शेपटी, सगळे त्या एका वर्षातले राहते. संहितेतल्या नायिकेचा मोठा चित्रपट १९७३ चा असेल तर भुवया १९७३ च्याच हव्यात. ग्लोरिया ग्रॅहमला आपला वरचा ओठ आवडत नसे. त्यावर तिने वारंवार शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि शेवटी त्या ओठाची हालचालच मंदावली. असा एखादा अवयव नायिकेलाही द्या. ती आरशात पाहील तेव्हा सगळा चेहरा पाहणार नाही, तिथेच पाहील.

म्हणून चेहरा दोन थरांत रंगवावा लागतो. खालचा थर खऱ्या वयाचा, तेलकट मेकअप-स्टिकचा. बाईंच्या मूळ रंगाहून दोन छटा गडद आणि किंचित थंड तपकिरी घ्या आणि फक्त चार जागी लावा: कानशिलाचा खळगा, डोळ्याचा आतला कोपरा, नाकपुडीपासून ओठाकडे येणाऱ्या वळीचा वरचा अर्धा इंच आणि जबड्याखालच्या दोन बाजू. सुरकुतीची एक कड तीक्ष्ण असते, दुसरी विरत जाते आणि लगत एक उजळ पट्टी असते. दोन्ही कडा तीक्ष्ण राहिल्या की ती सुरकुती न राहता पेन्सिलीची रेघ होते. मान आणि हाताची पाठ विसरू नका. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला चेहऱ्याच्या आधी हात दिसतात, कारण बाई सिगारेट किंवा चहाचा कप धरून बसलेल्या असतात.

या थरावर पावडर दाबून बसवायची, घासायची नाही. पाच मिनिटे थांबायचे, जादा पावडर मऊ कुंचल्याने झटकायची आणि मग वरचा थर, म्हणजे तिने स्वतः केलेला नट्टापट्टा, पाण्यात कालवलेल्या पॅनकेकने, म्हणजे वडीच्या मेकअपने, चढवायचा. याचे कारण पुढच्या प्रवेशात आहे. अशा प्रत्येक संहितेत एक प्रवेश असतोच, ज्यात ती त्याच्यासमोर तोंड पुसते. दोन्ही थर तेलकट असतील तर कोल्ड क्रीमने उतरवायला तीन मिनिटे लागतात, सगळा चिखल होतो आणि खालचे वयही पुसले जाते. बाई पुसल्यावर तरुण दिसू लागतात. वरचा थर पाण्याचा असेल तर ओल्या नॅपकिनने टिपत टिपत तो चाळीस-पन्नास सेकंदांत निघतो आणि खालचा तेलकट थर जागेवर राहतो, कारण पाणी तेलाला उचलत नाही. नॅपकिन पांढराच घ्या, त्यावरचा लाल-गुलाबी डाग शेवटच्या रांगेपर्यंत दिसला पाहिजे. यात चुकते ते पावडरीत. ती नीट बसली नाही तर वरचा पॅनकेक थेंबाथेंबाने फुटतो आणि चेहरा चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. उन्हाळ्यातल्या प्रयोगात घामाने हे हमखास होते, म्हणून मेकअपच्या खोलीत पंखा हवाच, पण तो थेट तोंडावर नको.

सुरकुत्यांसाठी लेटेक्स वापरणारेही आहेत. कातडी ताणून, पातळ थर टिपून, ड्रायरने वाळवून, पावडर मारून मग सोडली की खरोखरच बारीक सुरकुत्या पडतात. पण त्यात अमोनिया असतो, डोळ्यांपाशी झोंबतो, आणि एखादीला त्याची ॲलर्जी निघते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून चोवीस तास पाहिल्याशिवाय तोंडाला लावू नये. आमच्या मते या भूमिकेला त्याची गरजच नाही.

केसांना पांढरी पावडर किंवा झिंक तर कधीच नको. निळ्या उजेडात ते निळसर दिसते आणि तरुणाने मिठी मारली की त्याच्या काळ्या कोटावर उमटते. हशा तिथेच होतो. तारकेचे केस काळेभोर असतात, ती ते रंगवते. मुळाशी एक सेंटिमीटर करडी रेघ ठेवली की पुरे. टोप असेल आणि तो रंगमंचावर उतरवायचा असेल तर स्पिरिट गमने चिकटवू नका. खाली केसांच्या गुंडाळ्या करून, इलास्टिकची पट्टी बांधून, वरून चार-पाच पिना आडव्या-उभ्या लावा.

या पिनांचा उपयोग दुसरीकडेही होतो. तरुण नटाचा सगळा अवघडलेपणा हातांत असतो. बाईंना जवळ घे म्हटले की तो पाठीवर थापट्या मारतो, आणि लोकांना पात्राऐवजी लाजलेला मुलगा दिसतो. त्याला हाताला काम द्या. तिच्या टोपाच्या पाच पिना त्याने एकेक काढाव्यात, दर वाक्याला एक, आणि तिच्या तळहातावर ठेवाव्यात. त्या प्रवेशात वेगळ्या मिठीची गरज उरत नाही. जिथे स्पर्श असेल तिथे तो आधी लिहून काढा: कोणता हात, कुठे, कोणत्या शब्दावर, किती मात्रा. आठ मात्रा ठरल्या तर आठच. त्या तालमीला दोघांखेरीज आणखी एक जबाबदार व्यक्ती खोलीत हवी आणि दोघांपैकी कुणालाही थांबवता येईल असा एक शब्द ठरलेला हवा. प्रयोगाच्या रात्री नवीन काही सुचले तरी करायचे नाही. घरी मुले-सुना असलेल्या बाया या भूमिकेला नाही म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच धास्ती असते. कागदावर लिहून दाखवले तर त्या तयार होतात.

प्रकाशाबद्दल जास्त लिहावे लागेल, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते. आता बहुतेक सभागृहांत डोक्यावर एलईडी पारची, म्हणजे रंग बदलणाऱ्या गोल दिव्यांची, रांग असते आणि तीच सोयीची म्हणून वापरली जाते. सरळ वरून आलेला उजेड डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करतो, गालावरच्या वळ्या दुप्पट खोल दाखवतो. त्यातून तो लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा असेल तर आपल्या गव्हाळ कातडीवर राखी-हिरवट झाक येते. पन्नाशीची देखणी बाई त्यात सत्तरीची आजारी दिसते. मग रंगभूषाकार ते झाकायला आणखी थापतो.

जुन्या हॉलिवूडचे छायाचित्रकार तारकांना समोरून, डोळ्यांच्या थोड्या वरून, मोठ्या आणि मऊ स्रोताचा उजेड देत. नाकाखाली फुलपाखरासारखी लहानशी सावली पडे आणि गालफडे उठून दिसत. भिंगापुढे कधी जाळीचे कापडही येई. रंगमंचावर हे असे जमते: समोरच्या बारवर दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत एक-एक हजार वॅटचे फ्रेनेल (मऊ कडेचा उजेड देणारे हॅलोजन दिवे), त्यांवर ली कंपनीचा २१६ क्रमांकाचा पांढरा डिफ्यूजन (उजेड पसरवणारा कागद) आणि बाईंच्या बाजूला त्याच कंपनीचा १५४ क्रमांकाचा फिकट गुलाबी जेल (रंगीत पारदर्शक कागद). साठ-पासष्ट टक्क्यांवर ठेवा. हॅलोजन चाळीसच्या खाली नेला की तांबडा होतो आणि चेहरा भाजल्यासारखा दिसतो. रंगमंचाच्या कडेला खालून उबदार पांढऱ्या एलईडीची पट्टी दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवली की हनुवटीखालची सावली भरून निघते. पंचवीसवर नेलीत तर भूत उभे राहते, सांभाळा. डोक्यावरच्या एलईडीला फक्त पाठीमागून खांदे आणि केस उजळण्याचे काम द्या.

हा तिच्या स्वप्नातला उजेड. तरुणाला त्याच प्रवेशात उलटे द्या: बाजूने, विंगेतून, जेल नसलेला कठोर दिवा. त्याच्या गालाचे हाड, कपाळावरची आठी दिसू लागते आणि सत्तावीसचा पोरगा पस्तिशीचा वाटतो. बाईंचे वय खाली येते, त्याचे वर जाते, अंतर मधल्या कुठेतरी मिटते आणि प्रेक्षक पंधरा मिनिटे ते विसरतात. मग तोंड पुसण्याच्या प्रवेशात दिवे बदला. तिचा मऊ उजेड वीस सेकंदांत काढून घ्या आणि त्याच्या बाजूचा कठोर दिवा दोघांवर येऊ द्या. तेव्हा वय दिसावे. आधी दिसले तर तिच्याकडे उघड करण्यासारखे काही उरत नाही.

आरसा खरा ठेवलात तर भोवतालचे दिवे पहिल्या रांगेच्या डोळ्यांत घुसतात. नुसती चौकट ठेवा, काच नको. बाई प्रेक्षकांकडे तोंड करून चौकटीतून पाहतील. भोवती आठ बल्ब, प्रत्येकी दोन-तीन वॅटचे, उबदार. साडीसाठी महेश्वरीसारखे पोत असलेले काही घ्या. नायलॉन एलईडीखाली चमकते आणि डोळा चेहऱ्यावरून साडीवर जातो. महेश्वर आपल्याला इतके जवळ, तरी लोक तारका म्हटले की टिकल्या शोधतात. जाळीचे कापड, अस्तर, जुन्या पद्धतीची लेस हे सगळे तुकोजीराव क्लॉथ मार्केटात मिळते.

आता भाषा. इंग्रजी संहितेत दोघांना एकच सर्वनाम असते. भाषांतर करणारा ते पहिल्या पानापासून ‘तू’ करतो आणि सगळे नाटक तिथेच बसते. मराठीत खरा प्रेमप्रवेश म्हणजे ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो ते वाक्य. ते शक्य तितके उशिरा आणा. सुरुवातीला त्याने ‘बाई’ म्हणावे. रंगभूमीवरच्या ज्येष्ठ नटीला तो मान आहे आणि त्या शब्दात नाते अडकलेले नाही. ‘ताई’, ‘काकू’, ‘मावशी’ यांतले काही आपल्या मुलांच्या तोंडी सहज येते, ते तालमीत कटाक्षाने काढा. फार तर एकदाच, पहिल्या भेटीत, त्याच्या तोंडून ‘काकू’ निसटावे आणि तिने नुसते पाहावे.

मधल्या प्रवेशांत सर्वनामच टाळा. ‘चहा घेणार?’, ‘बसायचं का थोडं?’, ‘कुठे निघायचं?’ या वाक्यांत तू की तुम्ही हे कळत नाही. अशी सहा-सात वाक्ये एकामागून एक आली की प्रेक्षकांचा कान टवकारतो. आता हा काय म्हणणार, याची लोक वाट पाहू लागतात. ती मात्र त्याला सुरुवातीपासून ‘अरे’ म्हणत असते. तिच्याकडचा बदल म्हणजे ‘अरे’ गळून त्याचे नाव येणे. आणि एखाद्या सुखाच्या क्षणी तिने त्याला लाडाने ‘अहो’ म्हटले तर हशा होऊ द्यावा. तो हशा तिच्यासोबतचा असतो. मुलगा हिंदी घरातला असेल, आणि आपल्या इंदुरात ते स्वाभाविक आहे, तर त्याला ‘आप’ आणि ‘तू’ यांच्यामध्ये ‘तुम’ची पायरी मिळते, जी मराठीत नाही. ती मराठीत बोलतेय आणि तो इंदुरी हिंदीत उत्तर देतोय, असे नाटक इथे कुणाला खटकणार नाही.

आजारपणात खोकला नको. पोटात पसरलेल्या कर्करोगात हातपाय बारीक होतात आणि पोट मोठे दिसू शकते. सैल कपड्याखाली हलके पॅडिंग आणि उठताना टेबलाचा आधार एवढे पुरते. बेसमध्ये किंचित पिवळा, डोळ्यांखाली काळ्याऐवजी तांबूस-तपकिरी. काळे लावले की बाई सिनेमातले भूत होतात. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी समसमान, कपाळाला तीन-चार थेंब, डोळ्यांपासून दूर. वाक्ये तीन-चार शब्दांची तोडा, पण आवाज पोटातूनच येऊ द्या, नाहीतर मागच्या रांगांना शेवट ऐकूच जात नाही. शेवटच्या अंधारात हॅलोजन आणि एलईडी एकत्र मिटवू नका. हॅलोजनची तार हळूहळू विझते, एलईडी तळाशी येऊन टचकन तुटतो, आणि त्या क्षणी तो झटका सगळ्यांना दिसतो. एलईडी आधीच काढून घ्या.

हक्कांबद्दल थोडक्यात. खऱ्या घटनेतली वर्षे, गावे, आजार यांवर कुणाची मालकी नाही. पण पुस्तकातले प्रवेश आणि संवाद घेतलेत, नावे बदलून घेतलेत तरी, रूपांतराची लेखी परवानगी लागते. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हा हक्क राहतो. हौशी मंडळाला बिनतिकीट प्रयोगासाठी जी सवलत आहे ती सादरीकरणाची आहे, भाषांतराची किंवा रूपांतराची नव्हे. प्रकाशकाला पत्र लिहिताना प्रयोगांची संख्या, आसनसंख्या आणि तिकीट आहे की नाही हे पहिल्याच पत्रात कळवावे आणि स्पर्धेच्या तारखेच्या चार-सहा महिने आधी लिहावे.

शेवटच्या अभिवादनात बाईंना आजारपणाच्या चेहऱ्याने पुढे आणू नका. विंगेत ओला नॅपकिन, ओठांचा लाल रंग आणि कोरडी शाल घेऊन एक मुलगी उभी ठेवा. सव्वा मिनिट मिळते, तेवढ्यात होते. तोपर्यंत तरुण नटाने बाकीच्यांसोबत अभिवादन उरकावे, मग विंगेकडे वळून बाईंना हाताला धरून आणावे आणि स्वतः एक पाऊल मागे राहावे. समोरचे दोन्ही फ्रेनेल तेव्हा पुन्हा पासष्टवर हवेत.

कळावे,
आपले,
इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर रंगभूषा, वेशभूषा आणि प्रकाश सांभाळणारे काही कार्यकर्ते
रामबाग, इंदूर